सांध्यातली खाच

गेल्या दिवाळीनंतर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पंधरा दिवसांनी गाळ्यावर गेलो, तर दाराशी बोरिवलीचा पिंजरा परत येऊन पडला होता. नऊ वर्षांपूर्वी मीच केलेला. आयव्हरी रंग, वर घुमट, घुमटावर कळस. त्या कळसाचा पोपटाला काडीचा उपयोग नव्हता, उपयोग मला होता. साकीनाक्याला तेव्हा तसा घुमट दुसऱ्या कुणाला वळवता येत नसे, आणि हे गिऱ्हाइकाला लांबूनच कळावं अशी माझी सोय होती.

पिंजऱ्यातला आफ्रिकन ग्रे त्या दिवसांत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या वाऱ्या करत होता. पिसं फुगवून बसायचा, खायचा नाही, शीट हिरवी आणि पाण्यासारखी. एक्स-रेत पोटात दोन पांढरे ठिपके दिसले, रक्तात जस्त निघालं. त्या घरच्या वहिनींनी फोन करून एवढंच विचारलं, ‘‘काका, पिंजऱ्याला रंगाच्या आत काय आहे हो?’’ त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आत जी.आय. होतं, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. उभ्या-आडव्या तारा एम.एस.च्याच, साध्या लोखंडाच्या, होत्या, पण तळाची जाळी मी तयार जी.आय. वेल्डमेश कापून बसवली होती. अर्धा दिवस वाचला होता. जी.आय.वर पावडरचा रंग भाजताना जस्ताच्या थरातून हवा फुटते आणि कोटिंगला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वर रंग बसला की आत कोण बघतंय, असं वाटलं होतं. ग्रे बघत होता. तळाला पडलेला शेंगदाणा उचलायला उतरायचा आणि जाळी चावत बसायचा.

जाळीचा गुन्हा सरळ आहे, कबूल करून मोकळा झालो. मला छळतायत ते सांधे. नव्या डोळ्याने तो पिंजरा उजेडात धरला आणि आडवी तार उभीला जिथे ओलांडते तिथे पाहिलं. दोन गोल तारा एकमेकींवर टेकतात तेव्हा स्पॉट वेल्डच्या दोन्ही बाजूंना एक चिमटीएवढी खाच राहते. त्या खाचेत रंग नव्हताच. नऊ वर्षांत उडाला असंही नाही, पहिल्या दिवसापासून तिथे पोचलाच नव्हता. काळपट गंजाची रेघ, त्यात वाळलेला पेरू. एका पिंजऱ्यात असे सातशेच्या वर सांधे असतात, आणि मी आयुष्यात किती पिंजरे केले ते मोजायचं सोडून दिलं आहे.

पावडरवाल्याशी या खाचेवरून माझी वीस वर्षं भांडणं झाली. मी म्हणायचो, तुझा पोरगा बंदूक नीट फिरवत नाही. तो म्हणायचा, तुझा जॉबच असा आहे. खरं त्याचं होतं. बंदुकीतून पावडर ६०-७० हजार व्होल्टचा भार घेऊन निघते आणि जवळात जवळ धातू दिसेल तिथे चिकटते. तारेच्या पाठीवर थर चढतो, खाच उपाशी राहते. व्होल्टेज उतरवून मारलं, जॉब आधी तापवून मारलं, दुसरा हात मारला. दुसऱ्या हाताने खाच थोडी भरली, पण पाठीवर थर इतका जाड झाला की ग्रेच्या चोचीखाली त्याच्या खपल्या निघायला लागल्या. वर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसायचा तो वेगळाच. पावडरवाल्याकडे डिप्लोमा झालेला एक मुलगा लागला, त्याने सांगितलं की याला फॅरेडे केज म्हणतात. मला वाटलं, म्हाताऱ्याची चेष्टा करतोय. मग कळलं की फॅरेडे नावाच्या इंग्रजाने १८३६ साली धातूचा वर्ख लावलेल्या खोलीत बसून दाखवलं होतं की बाहेरची वीज आत शिरत नाही. म्हणजे माझ्या धंद्यातली खोड, आणि तिचं नावसुद्धा पिंजऱ्यावरून.

पोपट तारेच्या मधोमध फारसा चावत नाही. चढताना तो चोचीने आडवी तार धरतो, ती सांध्याजवळच, आणि धरली की जिभेने चाचपतो. जिथे काही वेगळं लागलं तिथे तो उद्या परत येतो.

‘‘मग स्टीलचाच करा ना,’’ हे सगळेच सांगतात. स्टीलचं कौतुक मला उशिरा पटलं, आणि त्याला कारण माझी रंगाची हौस. पावडरमध्ये आयव्हरी, हॅमरटोन, काळा मॅट, काहीही मिळतं. स्टीलमध्ये पिंजरा लग्नाच्या केटररच्या ट्रॉलीसारखा दिसतो. गिऱ्हाइकाला मी दर सांगायचो, स्टीलचा अडीच पट, आणि तो ‘‘पावडरच करा’’ म्हणाला की मला आतून बरं वाटायचं. गोराईच्या खाडीवरून वारा येणाऱ्या घरातही मी पावडरच खपवली.

आता स्टील करतो. तीनशे चार ग्रेडचंच. घाटकोपरला एकजण दोनशे दोन वापरून तीनशे चारचे पैसे घेतो, पहिला पावसाळा काढला की पिंजऱ्यावर चहाचे डाग पडल्यासारखे दिसतात. त्याच्या गिऱ्हाइकांना वाटतं चुंबक लावला की भेद कळतो. चुंबक दोन्हीला सारखाच लागत नाही. उलट तीनशे चारची तार थंडच ओढून बारीक केलेली असेल तर तिला थोडा लागतो. मुलुंडच्या एका साहेबांनी फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट माझ्या तारेला लावून मला चोर ठरवलं होतं. ऑनलाइन घडीचे पिंजरे येतात त्यांच्यावर ‘विषारी नाही’ असं छापलेलं असतं. कशात नाही, पावडरमध्ये की सांध्यात, ते छापत नाहीत.

कंठवाल्या हिरव्या पोपटासाठी कुणी आलं तर मी परत पाठवतो. आपला पोपट घरात ठेवायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि ग्रेसारख्या परदेशी पक्ष्याची २०२४ पासून परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पूर्वी मीही त्या हिरव्यांसाठी हातभर उंचीचे गोल पिंजरे ढिगाने केले. त्यात पंखसुद्धा उघडत नसत.

तर स्टील. आर्गनचा टाका मारला की सांध्याभोवती निळी-पिवळी झाक येते. बफ मारून ती घालवता येते, पण मग वरून चकचकीत आणि खाचेत तशीच. गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून पिकलिंग पेस्ट लावायची. ती जहाल ॲसिडची, झाक खाऊन टाकते, आणि मग ती पेस्टच खाचेत बसून राहते. म्हणजे फिरून आलो त्याच चिमटीत. लोखंडी ब्रश चालत नाही, त्याचे कण स्टीलला गंज लावतात. नायलॉनचा टूथब्रश, पाण्याची धार, सांध्यामागून सांधा. शेवटी कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापसाचा तंतू अडकला तिथे बर, म्हणजे टोकदार कंगोरा, आहे.

बोरिवलीचा नवा पिंजरा तीनशे चारचा, दहा गेज, सहा सूत गॅप. घुमट नाही. पैसे घेतले नाहीत, वहिनींनी एका फणसावर मिटवलं. टाके सगळे माझ्याकडच्या पोराने मारले. त्याचा हात स्थिर आहे, टाका राईच्या दाण्याएवढा येतो, माझा कधीच एवढा बारीक आला नाही. पण दाराच्या बिजागरीजवळचा एक सांधा मी मारला. म्हटलं, नऊ वर्षांपूर्वीचा पिंजरा माझा होता, याच्यात आपला एक तरी टाका असू दे. डोळ्यांवरची काच खाली केली, हात थोडा हलला. नंतर घासला, पेस्ट लावली, धुतला, कापूस फिरवला. अडकला नाही.

इंजेक्शनांनी ग्रे सावरला होता, छातीचं हाड मात्र अजून हाताला लागत होतं. पिंजरा गॅलरीत बसवला, त्याला आत सोडला. तो दांडीवर गेला नाही. तारेने एक-एक पाऊल टाकत दाराकडे आला, मान वाकडी केली आणि माझ्या सांध्याला जीभ लावली. तिथेच बराच वेळ चाचपत राहिला. पोरगा पान्हे पिशवीत भरत होता, त्याने वर पाहिलं आणि परत पान्हे भरायला लागला.