मक्का नजदीक, नागपूर दूर

भूगोलाच्या तासाला मी मुलांना पृथ्वीगोलावर दोरा ताणायला लावते. एक टोक नागपूरवर, दुसरे जेद्दावर. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंश उत्तरेच्या आसपास. मुलांना वाटते, दोरा सरळ पश्चिमेला जाईल. पण ताणला की तो थोडा उत्तरेकडून वळतो, कारण गोलावरची सर्वात जवळची वाट तशीच असते. म्हणूनच आमच्या चंद्रपुरातून किब्लाही ठीक पश्चिमेला नाही. सुमारे ९ अंश उत्तरेकडे आहे.

हे अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर भरते. विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे सकाळी १० ला निघालेला हाजी तिथल्या दुपारी १ वाजता उतरतो. जेद्दाला जाणारे हाजी एहराम बांधूनच विमानात बसतात, कारण मीकात आकाशातच ओलांडली जाते. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजे जात, तेव्हा हेच अंतर दिवसांनी मोजले जाई.

माझी फुफी सिरोंच्याला राहते. २०२४ मध्ये तिचा हजला नंबर लागला. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये भारतातून हाजी गेलेच नाहीत, २०२२ मध्ये प्रस्थानाच्या ठिकाणांत नागपूर नव्हते. आता नागपूरहून जायला मिळणार म्हणून सारे खूश होते. पण सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. त्यातला आलापल्लीपर्यंतचा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता जंगलातला. मे महिन्याचे ऊन, गुडघ्यांचे दुखणे आणि खड्डे. आमच्या घरी मुक्कामाला पोहोचायलाच सात तास लागले. नागपूर अजून दीडशे किलोमीटर होते. पाय चेपून देताना फुफी हसून म्हणाली, "बेटी, मक्का नजदीक है, नागपूर दूर."

मला ते बोलणे नुसते थट्टेचे वाटले नाही. मुसाफिराने नमाज कसर कधी करावी, याचा हनफी फिकहमधला मूळ हिशोब तीन दिवसांच्या चालीचा आहे. ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, हा आकडा त्यावरून पुढे ठरवला गेला. आपल्या बुजुर्गांनी अंतर माणसाच्या पावलांनी आणि थकव्याने मोजले. हज फर्ज होण्यासाठी जी इस्तिताअत लागते, तिच्यातही खर्च आणि तब्येतीबरोबर वाटेचा विचार आहे. या हिशोबाने पाहिले तर विमानाने जेद्दा जवळ आणले, पण सिरोंचा होते तिथेच राहिले.

फुफी हज करून सुखरूप परतली, अल्हम्दुलिल्लाह. हज आयुष्यात एकदा फर्ज आहे, आणि त्या सफरीचे कष्ट माणूस सवाब समजून सोसतो. पण याच रस्त्याने बाळंतीण गडचिरोलीला न्यावी लागते, हृदयाचा रुग्ण नागपूरला न्यावा लागतो. तो गोंड असो, तेलुगू बोलणारा असो की आपल्यातला, खड्डा कोणाची जात विचारत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की थांबण्याशिवाय इलाज नसतो. त्यांच्या कष्टांना सवाब म्हणून गप्प बसणे मला जमत नाही. हाजींना निरोप द्यायला आपण शेकडोंनी जमतो. रस्त्याची मागणी घेऊन कचेरीत जातानाही आपण तितकेच जमलो, तर तीही एक खिदमतच होईल.