जागा भाड्याने देणे आहे

परदेशी शिकायला गेलेल्या मुलीनं तिथल्या मुलामुलींबरोबर एका घरात राहायचं, हे मला पसंत नव्हतं. त्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीला जर्मनीत, आखेनला प्रवेश मिळाला तेव्हा मी अटी घातल्या: मराठी मुली बघ, नाहीतर निदान भारतीय. स्वयंपाकघर शाकाहारी हवं. मुलगे नकोत.

तिनं वाद घातला नाही. मला शेजारी बसवून एका सिनेमाचा ट्रेलर दाखवला. सेड्रिक क्लापिशचा ‘लोबेर्ज एस्पान्योल’, २००२ सालचा फ्रेंच सिनेमा. युरोपातल्या विद्यार्थ्यांना काही महिने दुसऱ्या देशात शिकता यावं म्हणून १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली. त्या योजनेतून पॅरिसचा झाविए बार्सेलोनाला येतो आणि इंग्लिश, जर्मन, इटालियन, डॅनिश, स्पॅनिश, बेल्जियन अशा मुलामुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. मला त्यात दिसल्या त्या पार्ट्या, मिठ्या आणि पसारा. “हेच म्हणत होते मी,” असं म्हणून मी उठले.

मला नेमकी भीती कशाची होती? ती बिघडेल अशी नव्हती, माझ्या मुलीला मी ओळखते. तिला ते आवडेल, याची होती. तिनं शिकावं असं मला मनापासून वाटत होतं; बदलू मात्र नये, असंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकत्र मागणं म्हणजे निव्वळ स्वार्थ आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

ती गेली आणि जागा शोधायला लागली. तिथे अशा सामायिक घराला ‘वेगे’ म्हणतात. खोली रिकामी झाली की राहणारेच नवा माणूस निवडतात. स्वयंपाकघरात बसवून गप्पा मारतात आणि मग कळवतात. मी रोज फोनवर खोदून खोदून विचारायची, “काय काय विचारलं गं?” भांडी लगेच घासतेस की साचवतेस, बाथरूमच्या सफाईची पाळी पाळशील का, परीक्षेच्या दिवसांत शांतता लागते का, असले प्रश्न. मी “आणखी?” म्हणायची. ती म्हणायची, “आणखी काय विचारणार?”

एका संध्याकाळी मात्र तिचा आवाज उतरलेला होता. कितीतरी ठिकाणी मेल पाठवूनही साधं उत्तर नव्हतं. तिच्या वर्गातल्या जर्मन मुलीनं त्याच घरांना लिहिलं तर लगेच बोलावणं. “नाव वाचूनच सोडून देतात गं काही जण,” ती म्हणाली. मी संतापले. एवढी शिकलेली माणसं, आणि नावावरून माणूस ठरवतात? मी तावातावानं बोलत होते. ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, “आई, आपण वरच्या खोलीसाठी काय विचारतो?”

मी विषय बदलला. फोन ठेवला.

आमच्या कोथरूडच्या घरावर एक खोली आहे, स्वतंत्र जिन्याची. ती आम्ही विद्यार्थ्यांना देतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: आडनाव काय? तो मी इतक्या सहज विचारायची की त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. नीटनेटकी माणसं मिळावीत म्हणून विचारते, अशी माझी स्वतःचीच समजूत होती. आडनावावरून नीटनेटकेपणा कसा कळतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

त्या रात्री झोप येईना. तो सिनेमा शोधून मी अख्खा पाहिला. त्यात झाविएची मुलाखत आहे. घरातले सगळे त्याच्यासमोर बसलेत. एक विचारतो, दुसरा मध्येच तोडतो, आपसातच हुज्जत घालतात. जर्मन टोबियास गंभीरपणे विचारतो, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस? झाविए उत्तरं देतो, पण त्याचं लक्ष त्यांच्या तोंडांकडे आहे. या घरात आपल्याला घ्यावं, एवढंच त्याच्या मनात आहे.

तिथे मी सिनेमा थांबवला. असं बघणारा एक चेहरा मी पाहिलेला होता.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेला एक मुलगा. बीड जिल्ह्यातला. उन्हातून चालत आला होता. चपला बाहेर काढून, प्लास्टिकची फाइल छातीशी धरून दारात उभा होता. खोली बघून इतका हरखला की खिडकी उघडून-लावून पाहिली, टेबल कुठे ठेवता येईल ते मनाशी जुळवलं. भाडं कबूल, डिपॉझिट कबूल. मग मी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि सांगतानाच माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं उत्तर त्याला तिथेच कळलं असणार. मी म्हणाले, “अरे, मगाशीच एकांना शब्द दिलाय.” तो “बरं काकू” म्हणाला, पाणी नको म्हणाला आणि गेला. फाटकावर ‘जागा भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच लटकत होती. जाताना त्याला तिच्याच बाजूनं जावं लागलं.

मी खोटं बोलले, आणि तेही एवढ्या सवयीनं की संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले. लेकीच्या न आलेल्या उत्तरांवर संतापणारी मी, आणि ही मी, एकच बाई. तिच्या जागी मी असते आणि माझ्याच दारात उभी राहिले असते, तर मी मला खोली दिली नसती.

सिनेमा पहाटे संपला. त्यातली मुलं काही आदर्श नाहीत. फ्रिजवरून कटकटी आहेत, लफडी आहेत. त्या घरातल्या इंग्लिश वेंडीचा भाऊ पाहुणा येतो आणि टोबियाससमोर हिटलरची नक्कल करतो, ते बघून अंगावर काटा येतो. पण ती एकमेकांशी भांडू शकतात, कारण ती एकाच घरात आहेत. त्या मुलाशी माझं भांडणसुद्धा होऊ शकलं नाही.

लेकीला पुढे खोली मिळाली. एक पोलिश मुलगी, एक तुर्की आणि एक जर्मन मुलगा. मुलगा आहे हे ऐकून पोटात गोळा आलाच. तो अजूनही पुरता गेलेला नाही, हेही सांगायला हवं.

यंदा जूनमध्ये खोली दोन मुलांना दिली. अभ्यास किती वाजेपर्यंत चालतो, पाणी भरायला सकाळी कोण उठेल, एवढंच विचारलं. त्यातला एक अंडी-मटण करतो. यजमानांची धुसफूस चालू आहे, मलाही पहिल्यांदा वास आला तेव्हा खिडकी लावून घ्यावीशी वाटली. शेजारच्या बाईंनी परवा विचारलं, “कोण आहेत हो मुलं?” मी सांगितलं, एक इंजिनिअरिंगला आहे, एक लॉ करतोय. त्या थांबून राहिल्या, पुढचं ऐकायला. आडनावं भाडेकरारात आहेत, पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर आहेत. मी त्यांना सांगितली नाहीत.