कार्ड पसंत आहे?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी आईशी भांडण्यापुरतंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं. विषय मात्र जिव्हाळ्याचा आहे : नेटवर्क कार्ड.

आमच्या चौघांच्या प्रोजेक्टला लॅबने एक निकालात काढलेला पीसी दिला. त्यावर फ्रीबीएसडी टाकून तीस मशीन्ससाठी राउटर आणि फाइल सर्व्हर करायचा. कार्डं दोन हवीत, पैसे वर्गणीचे. आमच्यातल्या एकाची मेस दोन महिने थकलेली, त्यामुळे 'शंभर-दोनशेने काय होतं' म्हणायची सोय नव्हती. तो म्हणाला, "रिअलटेक ८१३९ भंगारात वीस रुपयांना मिळतं. शंभर मेगाबिट आहे ना, मग झालं तर!"

पण शंभर मेगाबिट हा झाला वेग. राबतं कोण, ते खोक्यावर छापत नाहीत. ते कळतं ड्रायव्हरच्या सोर्समध्ये. फ्रीबीएसडीचा ८१३९चा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी फाइलमध्येच या चिपबद्दल मनसोक्त तक्रार करून ठेवली आहे (परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला उत्तम). हे कार्ड आलेली सगळी पॅकेट्स एकाच सलग बफरमध्ये ओततं. तिथून प्रत्येक पॅकेट सीपीयूने उचलून दुसरीकडे कॉपी करायचं. पाठवतानाही बफर चार बाइटच्या सीमेवर हवा, म्हणून पुन्हा कॉपी. थोडक्यात, रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी सोडून पसार, सामान आपण वाहायचं.

इंटेलचं ८२५७४ पॅकेट थेट कर्नलने दिलेल्या बफरमध्ये ठेवतं, चेकसम स्वतः तपासतं, आणि दर पॅकेटला इंटरप्ट न मारता काही साठवून एकदाच हाक मारतं. गिगाबिटवर ६४ बाइटच्या फ्रेम्स सेकंदाला १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. प्रत्येकीला उठून दार उघडायचं म्हटलं तर आमचा म्हातारा पीसी बाकी काही करूच शकणार नाही. रिअलटेक म्हणजे टाकाऊच असं नाही हं. त्यांच्या पुढच्या गिगाबिट चिप्समध्ये ही कॉपीची भानगड राहिली नाही.

दोन्ही कार्डं उसनी आणून आम्ही टॉप कमांडमधला इंटरप्टचा आकडा बघत बसलो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाहेरची लाइन वीसच मेगाबिटची. तिकडे ८१३९ पुरे. इंटेल फक्त लॅबच्या बाजूला लावू. एकच घ्यावं लागेल."

बरोबर होतं. तुझा वाटा आम्ही भरतो म्हटल्यावर मात्र चिडला. दुसऱ्या दिवशी दहा-दहाच्या नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या, आणि "पावती दे" म्हणाला.