दम धरणारी डबी

जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९६४ मध्ये कॅडिलॅक आणि ब्यूक गाड्यांतून अमेरिकेच्या रस्त्यांवर आला. त्याच्या कुशीला पत्र्याची एक बुटकी डबी असते, एका पट्टीने आणि एकाच बोल्टने धरलेली. तिचं नाव व्हॅक्यूम मॉड्युलेटर.

गाडीवर किती भार आहे, हे ती इंजिनाच्या श्वासावरून ओळखते. इनटेक मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी तिच्यापर्यंत येते. धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम देतं. तो डबीतला रबरी पडदा ओढून धरतो, गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब उतरतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ सुटते, स्प्रिंगचं चालतं, दाब चढतो आणि गिअर उशिरा, घट्ट पडतो. डबीला याखेरीज दुसरं काही कळत नाही. नळीचं रबरी टोक तडकून हवा शिरली, तर सपाट रस्त्यावरही तिला चढ लागल्यासारखं वाटतं. गिअर दणके देत पडू लागतात, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो.

पडदा फाटला तर प्रकरण आणखी फसवं. गिअरचं तेल त्याच नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. सायलेन्सरमधून पांढुरका धूर निघतो, तेल घटत राहतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही.

तिची परीक्षा सोपी आहे. नळी उपसून डबीचं तोंड पाहावं. आत लाल तेल असेल तर पडदा गेला, डबी बदलावी. नुसता पेट्रोलचा किंवा पाण्याचा ओलावा असेल तर तो इंजिनाकडून आलेला असतो. तेवढ्यावरून तिला दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं. मग हातपंप लावून व्हॅक्यूम ओढावा आणि काटा पाहावा. अर्धा मिनिट तो जागचा हलला नाही, तर डबीने दम धरला. आता नळीच्या डबीकडच्या टोकाला गेज लावावा. मॅनिफोल्डवर येतो तेवढाच आकडा तिथे यायला हवा. कमी आला तर गळती वाटेत कुठेतरी आहे.

अशी जुनी गाडी कुणी सांभाळत असेल, तर त्याला एवढंच सांगणं: गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी ही नळी आणि ही डबी स्वतःच्या डोळ्यांदेखत तपासून घ्या.