ऐकणाऱ्याचं देणं

पुसदमध्ये कुणाजवळ काही बोललं की त्याची नोंद राहते. कागदावर नव्हे, माणसांत. पूस नदीकाठचं हे गाव, चहूकडे डोंगर. रेल्वे येणार, रेल्वे येणार हे ऐकतच आमची पिढी म्हातारी झाली. तोवर येणारा-जाणारा एसटी स्टँडवरच उतरला आणि तिथंच ओळखला गेला. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न 'कुठले तुम्ही?' आणि दुसरा 'कुणाचे?'. दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत समोरच्याला चहा गोड लागत नाही.

वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं. जूनमध्ये माणसं बियाणं उधार नेत आणि कापूस घरात आला की हिशेब होई. पण काउंटरवर नुसती बियाण्याची पोती हलत नसत. मुलीचं जमत नाही, बोअरला पाणी लागलं नाही, धाकट्यानं बांध कोरला, सगळं तिथं यायचं. वडील मान हलवत ऐकायचे. पुढं वसुलीच्या दिवसांत ते ऐकलेलं कामाला येई. त्यात कपट नव्हतं. 'तुमच्या पोरीच्या लग्नाचं त्या वेळी मी समजून घेतलं होतं ना बाप्पा,' एवढंच ते म्हणत, आणि समोरचा माणूस खाली बघे. ऐकून घेतल्याचंही देणं होतं हे मला फार लहानपणी कळलं. मी कुणाला काही सांगेनासा झालो, तो बहुधा तिथून.

साठीला टेकलो तशी झोप गेली. शुगर, बीपी, थायरॉइड सगळं तपासून झालं, सगळं ठीक निघालं, आणि आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीऐवजी एका समुपदेशक बाईंचं नाव लिहून दिलं. अशा कामाला इथली पुष्कळ माणसं यवतमाळ, नांदेड, नाहीतर थेट नागपूर गाठतात, म्हणजे कुणी पाहू नये. मी गावातच गेलो. एसटीत बसलं की 'कुठं निघाले?' याचं उत्तर शेजारच्या सीटला द्यावंच लागतं. त्यापेक्षा गावातला एक जिना बरा.

फोनवर त्यांनी विचारलं, "स्वतःसाठी की दुसऱ्या कुणासाठी?" पुढं त्यांच्याकडून कळलं की बरेच जण 'एका मित्रासाठी' विचारतात आणि मग त्या मित्राच्या जागी स्वतःच येतात.

खोलीत दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि भिंतीवरचं घड्याळ असं लावलेलं की मान न वळवता त्यांना वेळ दिसावी. पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. मला वाटलं होतं, बसलो की बोलायला सुरुवात. तसं झालं नाही. आधी त्यांनी नातंगोतं काढलं. पण गावासारखं नाही, उलट्या कारणासाठी. "आपली काही सोयरीक, व्यवहार, ओळख आहे का ते बघू. असेल तर मी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे पाठवीन." पुसदमध्ये ओळख निघाली म्हणून काम नाकारणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग एक कागद. तुम्ही बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येणार नाही. कोर्टानं मागितलं तर वेगळं. ही काही बाईंची मेहेरबानी नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं हा त्यात हक्क म्हणून लिहिलेला आहे. शेवटी त्या म्हणाल्या, "बाजारात दिसलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करीन." मी हसलो. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला पाहून न पाहिल्यासारखं करणं म्हणजे भांडण. इथं तो शिष्टाचार.

त्यानंतर नऊ प्रश्नांची एक यादी. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, थकवा किती. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो त्यांनी भुकेच्या प्रश्नाच्याच आवाजात विचारला. यवतमाळ जिल्ह्यात त्या प्रश्नाला काय वजन आहे हे सांगायला नको. शेजारच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाच्या आठवणीत दर १९ मार्चला अन्नत्याग करणारी माणसं आहेत. त्या शेतकरी कुटुंबाची सामूहिक आत्महत्या १९८६ ची. त्यानंतर या विषयावर आम्ही आवाज चढवून तरी बोललो, नाहीतर अगदी खाली आणून. मधल्या, रोजच्या आवाजात तो प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता.

यादी संपली आणि त्या म्हणाल्या, "आत्ताच का आलात?"

मी उत्तर दिलं. तयारच होतं. वडील गेले, दुकान बंद केलं, मुलगा पुण्याला, झोप नाही. चार लोकांत सांगायला ठेवलेली, ऐकणाऱ्याला जड होऊ नये इतपत हलकी केलेली हकीकत. बाई काही बोलल्या नाहीत. घड्याळाचा आवाज येऊ लागला. दोन मुख्यमंत्री देणाऱ्या गावात शब्दांची टंचाई कधीच नव्हती. १ जुलैला, त्यांतल्या वसंतराव नाईकांच्या जयंतीला, कृषी दिनाची भाषणं ऐकतच आम्ही मोठे झालो. गप्प बसण्याचा सराव मात्र कुणालाच नाही. शेवटी मीच म्हणालो, "दुकान बंद केलं तेव्हा उधारीच्या वह्या मी जाळल्या." हे मी घरातही सांगितलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "वह्यांचं सांगा."

दुःख बोलायच्या रीती आमच्याकडे नव्हत्या असं नाही. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात, त्यांत सावकार, सरकार, पाऊस सगळ्यांची उणीदुणी निघतात. तांड्यावर बंजारा नवरीला सासरी जाताना ढावलो गाता यावा लागतो. कसं रडायचं, कुणाच्या गळ्यात पडून काय म्हणायचं हे जाणत्या बायका तिला शिकवतात. मला ही रीत फार शहाणी वाटते. पण ढावलो लग्नाचा आणि झडती पोळ्याची. बुधवारी दुपारी, काहीही घडलेलं नसताना जे दाटतं, त्याला प्रसंगच नाही.

"मग मी काय करू?" असं मी विचारलंच. दुकानात आलेल्याला औषधाच्या फवारणीचं प्रमाण सांगायची सवय. मलाही प्रमाण हवं होतं. ते मिळालं नाही. मिळाला तो तीन रकान्यांचा कागद: काय घडलं, त्या वेळी मनात काय विचार आला, मग कसं वाटलं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. हे रकाने त्याच घराण्यातले. रकाने पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. खातेवहीचा माणूस.

पहिल्या भेटीनंतर हलकं वाटतं असं सांगतात. मला जड वाटलं. जास्त बोललो, आता हे गावभर होणार, असं घरी येईपर्यंत डोक्यात. असं पुष्कळांना होतं, आणि ते बाईंना पुढच्या वेळी सांगायचं असतं, हे दुसऱ्या भेटीत समजलं. जमलं नाही तर माणूस बदलता येतो, हेही त्यांनीच सांगितलं. गोळ्या लागल्या तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवीन, त्या मला लिहिता येत नाहीत, हेही. कुठं शिकलात, असं बाईंना विचारायला मी लाजलो होतो, विचारावं. नुसती पाटी कुणीही लावू शकतो.

पण मला या सगळ्यात खरी नवी वाटली ती फी. वेळ संपली, मी पैसे दिले, पावती घेतली आणि जिना उतरताना लक्षात आलं की या बाईंचं मी काहीच लागत नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नात आहेर करायला नको, निवडणुकीत त्यांच्या माणसाला मत द्यायला नको. मी बोललो, त्यांनी ऐकलं, खातं मिटलं. फ्रॉइडनं १९१३ मध्ये उपचाराच्या सुरुवातीवर एक निबंध लिहिला, त्यात पैशाचं स्पष्ट बोलावं असा त्याचा आग्रह आहे. रुग्ण न आला तरी ठरलेल्या तासाचे पैसे तो घ्यायचा. फुकट उपचारानं काही रुग्णांचं अडतं, असं त्याचं म्हणणं. त्याच फ्रॉइडनं १९१८ मध्ये बुडापेस्टला गरिबांसाठी मोफत केंद्रांची आशा बोलून दाखवली, आणि १९२० मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनला असं केंद्र उघडलंही.

पुसदला हा वाद पुस्तकी नाही. कापसाचा भाव पडला की पहिली काटछाट अशाच खर्चाची. २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा सरकारी प्रेरणा प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आहे, यवतमाळ त्यात आलंच. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात, तिथून माणूस दवाखान्यापर्यंत पोचतो. १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरावर मराठीत फुकट बोलता येतं. पण आशाताई गावचीच, कुणाची तरी सून. तिच्याजवळ कोण बोलेल, असं मला वाटे. मग अमरावती जिल्ह्यातल्या 'विश्राम' कार्यक्रमाबद्दल वाचलं. गावातल्याच माणसांना शिकवून ३० गावांत काम केलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे माझा खातेवहीचा सिद्धांत सगळ्यांना लागू नाही. दुकानदाराच्या पोराला लागू आहे. आणि कर्ज मात्र ना आशाताई माफ करू शकत, ना माझ्या बाई. तेवढं बोलून सुटणाऱ्यातलं नाही.

मागं भाजीबाजारात बाई दिसल्या. त्या वांगी निवडण्यात गुंग, अगदी ठरल्याप्रमाणे. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. सौ. बरोबर होती.

"कोण हो त्या?"

सांगितलं. ती थोडा वेळ वांग्यांकडे बघत राहिली. "माझ्याबद्दलही सांगता काय त्यांना?"

"सांगतो ना."

"मंग मले बी जा लागन. एकाच बाजूचं ऐकून काय समजते त्याहिले?"

बाईंना विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या. नवरा-बायकोचं वेगवेगळं एकाच माणसानं ऐकू नये. जोडीनं यायचं असेल तर ते काम निराळं. त्यांनी नागपूरच्या एकींचं नाव दिलं. हल्ली सौ. दर गुरुवारी आतल्या खोलीचं दार लावून त्यांच्याशी फोनवर बोलते, आणि तेवढा वेळ कुकरच्या शिट्ट्या मोजणं माझ्याकडे असतं.