पिवळा दिवा

त्या गाडीत दोनच माणसं बसायची. डिकीत एक मोठी बॅग ठेवली की दुसरीला जागा नसायची. जोराचा पाऊस आला की टपाच्या शिवणीतून माझ्या डाव्या गुडघ्यावर थेंब पडायचे. बायकोच्या मते ती गाडी नव्हतीच, खेळणं होतं. मी वाद घातला नाही. माझदा मियाटा, २००१ चं मॉडेल, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत असताना २०१८ मध्ये मी ती ४,८०० डॉलरला घेतली. बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.ई. करताना आमच्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरवर वर्षभर हिचाच फोटो असायचा. बाकीचे सगळे फेरारी लावायचे.

चार वर्षं तिनं काही कुरकुर केली नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर एका सकाळी ऑफिसला जाताना समोर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, ‘चेक इंजिन’ म्हणतात तो. गाडी मात्र मजेत चालत होती. आवाज नाही, धक्का नाही, ॲव्हरेजही तेच.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट असतं. त्यात यंत्र खुपसलं की गाडीचा संगणक आपली तक्रार सांगतो. मी २२ डॉलरचं ब्लूटूथवालं यंत्र मागवलं. मोबाइलवर कोड आला, पी ०४२०. अर्थ असा, की कॅटॅलिस्टची कार्यक्षमता मर्यादेपेक्षा कमी. त्याच्याच खाली एक बटण होतं, ‘क्लिअर’. मी ते दाबलं आणि दिवा गेला. आमच्या धंद्यात याला तिकीट क्लोज करणं म्हणतात.

अकरा दिवसांनी दिवा परत आला.

इथे थोडी शाळा घ्यावी लागेल. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. धुराच्या नळीत मध्ये एक स्टीलचा डबा बसवलेला असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अगदी बारीक कण. याच धातूंमुळे हे डबे चोरीला जातात. धूर त्या जाळीतून जाताना बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. डब्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सारखा वरखाली करत असतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट. जाळी धडधाकट असेल तर ती ऑक्सिजन साठवते आणि लागेल तसा सोडते, त्यामुळे मागच्या सेन्सरला फारसं काही जाणवत नाही, तो शांत राहतो. जाळी थकली की मागचा पुढच्याची नक्कल करायला लागतो. ही नक्कल संगणकानं पकडली की पी ०४२०.

म्हणजे हा दिवा पेट्रोल संपल्याचा नाही, ऑइल कमी झाल्याचा नाही, इंजिन तापल्याचाही नाही. ते सगळे दिवे गाडीसाठी आणि चालवणाऱ्यासाठी असतात. पी ०४२० लागला तर आत बसलेल्याचं बहुधा काहीच बिघडत नाही. बिघडतं ते मागच्यांचं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, पण महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

पुढचं सव्वा वर्ष मी जे केलं त्याला प्रामाणिक नाव ‘टाळाटाळ’. पण दिसायला ती मेहनत दिसत होती. मी एक एक्सेल शीट बनवली. दिवा कधी मिटवला, किती मैलांनी परत आला, त्या दिवशी हवा गार होती की गरम. मागचा सेन्सर स्वतः बदलला, एक रविवार आणि उजव्या हाताच्या बोटांची सालं गेली. उपयोग शून्य. नळीच्या एका जोडाचं गॅस्केट गळत होतं, तेही बदललं. यावेळी दिवा तीन आठवडे आला नाही आणि मी बायकोला पार्टी दिली. चौथ्या आठवड्यात तो आला. ‘पार्टी परत घेणार का?’ तिनं विचारलं.

एक गोष्ट मात्र मी शीटमध्ये लिहिली नाही. एकदा माउंट हॅमिल्टनच्या घाटात चढावर हा दिवा नुसता लागला नव्हता, काही सेकंद उघडझाप करत होता, आणि गाडीला बारीक उचक्या लागत होत्या. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, उघडझाप म्हणजे मिसफायर, लगेच लक्ष द्या. वरून दरी फार सुंदर दिसत होती. उचक्या थांबल्या. मी विसरून गेलो.

२०२४ च्या सुरुवातीला आमचं बडोद्याला परतायचं नक्की झालं. आईचे गुडघे, लेकीची शाळा, आणि इतर कारणं ज्यांवर वेगळा लेख होईल. गाडी विकायची होती. कॅलिफोर्नियात गाडी विकताना स्मॉग तपासणीचा दाखला बहुतेक वेळा विकणाऱ्यानं द्यायचा असतो. आपल्याकडे पेट्रोल पंपाजवळ पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो. तिथे २००० सालच्या आणि नंतरच्या गाड्यांना नळी घालत नाहीत, त्याच सॉकेटमधून थेट संगणकाला विचारतात. दिवा लागलेला असेल तर नापास. आणि सकाळी दिवा मिटवून गेलात तरी परत पाठवतात, कारण ‘क्लिअर’ दाबलं की कोडसोबत संगणकाच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत काही दिवस गाडी चालवावी लागते.

ज्यानं कोणी हे बनवलं त्याला माझ्यासारखी माणसं ठाऊक होती.

तरीही एक फट होती. जाळीच्या चाचणीत गाडी पहिल्यांदा नापास झाली की संगणक लगेच दिवा लावत नाही, मनात नोंद ठेवतो. पुढच्या खेपेलाही तेच दिसलं तर लावतो. माझ्या शीटमध्ये दोनदा असं दिसत होतं, की चाचणी पूर्ण झालेली, दिवा मात्र अजून बंद. नेमक्या त्या वेळात गाडी तपासणीला नेली असती तर माझ्या हिशेबानं पास. मग दाखला, मग विक्री, मग बडोदा. दिवा लागला असता तो नव्या मालकाच्या समोर.

मी हा हिशेब बाबांना सांगितला. खरं तर कौतुकासाठी सांगितला. बाबा बडोद्याबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. कॅटॅलिस्ट हा शब्द मी शाळेत शिकायच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकला होता. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल का बंद झालं हेही त्यांनीच सांगितलं होतं. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना असे डबे आले आणि सोबत बिनशिशाचं पेट्रोल आलं, कारण शिसं त्या जाळीवर बसलं की ती कामातून जाते. २००० मध्ये देशभर तेच झालं. ‘कॅटॅलिस्टला विष चढतं,’ असं ते म्हणायचे.

शनिवारची सकाळ होती, त्यांची रात्र. फोन मी गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला होता आणि गाडी सुरू करून मोबाइलवरचे आकडे बघत त्यांना समजावत होतो. लेक तीन वर्षांची, गाडीच्या मागे ड्राइव्हवेवर उभी राहून आजोबांना टाटा करत होती.

‘आधी तिला तिथून हलव,’ बाबा म्हणाले.

मला कळेना. मी म्हटलं, ‘गाडी न्यूट्रलला आहे बाबा, हँडब्रेक लावलाय.’

‘गाडीचं नाही म्हणत मी. नळी बघ कुठं आहे तिची, आणि पोर बघ.’

मियाटा फार बुटकी. सायलेन्सरचं तोंड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. लेक खाली बसून एक खडा उचलत होती.

मी इंजिन बंद केलं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या पॅनेलवर दोन बटणं असायची. अलार्म आला की हॉर्न वाजतो, खिडकी लुकलुकते. पहिलं बटण ॲक्नॉलेज. ते दाबलं की हॉर्न बंद, पण दिवा पेटलेलाच राहतो. म्हणजे मला कळलं आहे, एवढंच. दुसरं रीसेट. ते दाबून दिवा जातो, पण कारण गेलं असेल तरच. कारण तसंच असेल तर कितीही दाब.’

‘हो, मग माझं—’

‘ऐक. अमोनियाचा एक डिटेक्टर होता. पावसाळ्यात रोज रात्री उगाच वाजायचा. रोज माणूस पाठवायचा, रोज काही नाही. एका रात्री मी नाही पाठवला. हॉर्न बंद केला आणि चहा घेतला.’ ते थांबले. ‘त्या दिवशी व्हॉल्व्हचं पॅकिंग खरंच गळत होतं. वाऱ्याच्या बाजूला शेडमध्ये एक हेल्पर झोपला होता. कॉन्ट्रॅक्टचा माणूस. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होता, डोळ्यांना पट्ट्या. वाचले त्याचे डोळे. माझ्यावर काही आलं नाही. लॉगमध्ये अलार्म ॲक्नॉलेज केल्याची वेळ बरोबर होती.’

छत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होतो. मागे आईचा आवाज आला, ‘आता झोपा.’ तिला ठाऊक असावी. बाबांनी फोन ठेवला.

सोमवारी मी गाडी हेवर्डच्या एका म्हाताऱ्या व्हिएतनामी मेकॅनिककडे नेली. त्यानं माझी एक्सेल शीट आदरानं पाहिली आणि बाजूला ठेवली. इंजिन गरम केलं, दोन्ही सेन्सरच्या रेषा पडद्यावर आणल्या. मागची पुढचीला गिरवत होती, जुळ्या बहिणींसारखी. मग इंजिन बंद करून, गाडी वर उचलून, रबरी हातोडीनं डब्यावर हलकेच टकटक केली. आत काहीतरी खुळखुळलं. जाळी फुटली होती.

‘मिसफायर कधी झाला होता?’ त्यानं विचारलं. ‘झाला होता का’ असं नाही.

मी घाटातली हकीकत सांगितली. प्लगच्या वायरी जुन्या झाल्या होत्या. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथे जळतं, डबा भट्टीसारखा तापतो आणि जाळी तडकते. तेव्हाच वायरी बदलल्या असत्या तर साठ-सत्तर डॉलरमध्ये भागलं असतं. आता आधी वायरी आणि प्लग, नाहीतर नवा डबाही जाईल, असं त्यानं बजावलं. इंटरनेटवर १८० डॉलरला डबा मिळत होता, पण कॅलिफोर्नियात राज्याच्या मंजुरीचा क्रमांक कोरलेलाच चालतो. सगळं मिळून बिल १,२९० डॉलर. गाडीच्या किमतीच्या पावपट. बायकोनं आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क काही बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

स्मॉग पास झाली. काम दहा-पंधरा मिनिटांचं होतं, कोणी अभिनंदन केलं नाही.

घ्यायला एकोणीस वर्षांचा मुलगा आला, सोबत त्याची आई. मी त्याला सगळं सांगितलं, घाटापासून हातोडीपर्यंत, बिलं दिली, शीटही दिली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘एवढं सगळं झालेलं असेल तर तीनशे कमी करा.’ केले. त्याच्या आईनं दोनदा आभार मानले. कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही.

आम्ही जूनमध्ये बडोद्याला आलो. दिवाळीच्या सुमारास एका रात्री त्या मुलाचा मेसेज आला. डॅशबोर्डचा फोटो, पिवळा दिवा. माझ्या पोटात गोळा आला. कोड काय आहे विचारलं. पी ०४५५ होता. पेट्रोलच्या टाकीतून वाफ बाहेर पडते आहे असा त्याचा अर्थ, आणि निम्म्या वेळा कारण एकच असतं. मी लिहिलं, टाकीचं झाकण बघ. नीट लागलं नव्हतं. ‘खटखट वाजेपर्यंत फिरव,’ मी लिहिलं, ‘आणि क्लिअर दाबू नकोस. चालवत राहा. चाचणीत काही दिवस सलग सगळं ठीक दिसलं की तो स्वतः विझवेल.’

बऱ्याच दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी उत्तर आलं, ‘गेला.’ बाबा समोर पेपर वाचत होते. त्यांना फोटोची गोष्ट ठाऊक होती.

‘रीसेट केला की आपोआप?’ त्यांनी विचारलं.

‘आपोआप.’

त्यांनी पान उलटलं आणि आईला म्हणाले, ‘शेव-उसळ आणायची का आज? याला विचार.’