नऊ मीटरचा रस्ता

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली : आई, दादा आणि मी. गट एकच, क्षेत्र 1 हेक्टर 60 आर. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव तसं लहान, पण गावठाण पसरत पसरत आमच्या बांधाला येऊन टेकलेलं. खालचं निम्मं रान विहिरीखालचं, ऊस-आल्याचं. वरचं 80 आर, म्हणजे जवळजवळ दोन एकर, मुरमाड आणि जिरायत. दादाला ट्रॅक्टरचं कर्ज फेडून खालच्या रानात ठिबक करायचं होतं, आईच्या औषधपाण्यासाठी हाताशी पैसा हवा होता. वरचं रान विकायचं हे लगेच ठरलं. कसं विकायचं, यावर मात्र घरात बरेच महिने बोलणी चालली.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ती दादानंच मोडली. ‘तुझं नाव लागलंय, ते राहू दे. पण मग कागदाची धावपळ तू कर,’ असं तो म्हणाला. मी आनंदानं कबूल झाले. त्याआधी तलाठ्याच्या चावडीपलीकडचं कुठलंच महसुली कार्यालय मी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात आधी आला तो जमिनीची कामं करणारा एजंट. वहीच्या पानावर त्यानं आमचं रान आखलं : मधून दहा फुटी रस्ता आणि दोन्ही बाजूंना एकेक गुंठ्याचे 68 प्लॉट. ‘ताई, गुंठ्या-गुंठ्यानं काढू. चुन्याच्या रेघा मारल्या की महिन्यात संपेल. खरेदीखत अडलं तर सामाईकात नावं लावू, नाहीतर साठेखत करू.’ आमच्या भागात हे नवीन नाही. दहा-अकरा गुंठ्यांच्या एका सातबाऱ्यावर दहा-अकरा परक्यांची नावं बसलेली मी पाहिली आहेत. कोणाचा तुकडा कुठला हे कागदावर नसतं. बँक कर्ज देत नाही आणि एकाला विकायचं झालं की बाकीच्यांच्या सह्यांसाठी हिंडावं लागतं.

तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. शेती परवडेल एवढं तरी रान एका जागी राहावं, हा त्याचा हेतू. 2023 च्या ऑगस्टपासून राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा विकायचा तर रेखांकन मंजूर करून, रीतसर प्लॉट पाडून विकायचा. हा मार्ग कायद्यानं मोकळा ठेवलेला आहे. लांबचा आहे, पण आहे.

आमचं वरचं रान गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत येतं. अशा जमिनीला तेव्हा महसूल संहितेच्या कलम 42-ड ची सोय होती. अटी बसत असतील तर रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरल्यावर ती निवासी वापराची झाली असं मानलं जायचं. गावात पुष्कळांना वाटतं की एनए झालं म्हणजे प्लॉट पाडायला मोकळीक मिळाली. तसं नाही. जमीन निवासी होणं वेगळं आणि तिचं रेखांकन मंजूर होणं वेगळं. रेखांकनाला 2020 च्या डिसेंबरपासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली पाहावी लागते आणि खरी ओढाताण तिथेच सुरू होते. जमीन 40 आर किंवा त्याहून मोठी असेल तर दहा टक्के खुली जागा सोडायची. आतले रस्ते नऊ मीटरचे. आर्किटेक्टनं हिशेब मांडला : खुली जागा 8 आर, रस्ते 15 आर, उरले 57. त्यात दोन गुंठ्यांहून थोडे मोठे असे 27 प्लॉट बसत होते.

दादा नकाशाकडे बघतच राहिला. ‘आगं, तेवीस आर रान नुसतं सोडून द्यायचं? बापानं त्यातले दगड हातानं वेचलेत.’

मी त्याला वाद घालून पटवलं नाही. पलीकडच्या गावातली एक गुंठेवारीची वस्ती आम्हा दोघांनाही माहीत होती, ती फक्त आठवून दिली. तिथे आमची एक आतेबहीण राहते. रस्ता दहा फुटीच, त्यात दोन्ही बाजूंनी पायऱ्या पुढे आलेल्या. मोटारसायकली उभ्या केल्या की चालायलाही जागा नाही. गटाराला उतार नाही, म्हणून सांडपाणी ज्याच्या त्याच्या दारात. एका पहाटे शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं आणि अँब्युलन्स आत वळेना. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून नेलं. त्या चौघांत या आतेबहिणीचा मुलगा होता. आजोबा वाचले. पण त्या पोरानं सांगितलेलं अजून कानात आहे : ‘मावशी, वळणावर खुर्ची आडवी करावी लागली.’

अशा वस्त्यांसाठी 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. माणसं तिथे राहतात, त्यांना कागद मिळायलाच हवा. पण कागद मागून नियमित होतो, रस्ता मागून रुंद होत नाही. घरं उभी राहिल्यावर कोणाच्या भिंती पाडणार? म्हणून माझं म्हणणं पक्कं झालं ते इथे. रस्त्याची जागा पहिल्या दिवशीच सोडायला हवी आणि ती विकणाऱ्यानंच सोडायला हवी. घेणाऱ्याच्या हातात ते नसतं.

मोजणीचा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. लगतच्या खातेदारांना आधी नोटिसा गेल्या होत्या. भूकरमापक रोव्हर घेऊन आले. पूर्वेचे तात्या आपल्या बांधावर काठी टेकून उभे. त्यांचं म्हणणं असं की बांध आजवर आमच्याच बाजूनं कोरला गेला. यंत्रावर आलेली खूण बांधाच्या मधोमध, घाणेरीच्या दाट जाळीत पडत होती. दादानं कोयत्यानं जाळी तोडली, पहारीनं माती उकरली. हातभर खाली दगड लागला. घडीव, वरच्या अंगाला चपटा, मुळ्यांनी घट्ट आवळलेला. तात्यांनी वाकून त्यावरची माती तळहातानं पुसली आणि म्हणाले, ‘हाय की रं. माझ्या आज्ज्यानं दावलावता.’ मग तेच दादाबरोबर चुना टाकत पुढच्या खुणेपर्यंत गेले. बांधाचा वाद तिथेच मिटला आणि ‘क’ प्रत हातात आल्यावर आम्ही निर्धास्त झालो.

खुल्या जागेवरून आर्किटेक्टशी माझं चांगलंच वाजलं. रानाच्या वायव्येला एक ओघळ आहे. माळावरचं पाणी पावसाळ्यात तिथूनच खाली येतं. एजंटच्या नकाशात त्या ओघळीवर चार प्लॉट होते. आर्किटेक्टनं प्लॉट काढले, पण खुली जागा तिथेच टाकली. सगळीकडे असंच चालतं. जिथे घर होत नाही ती जागा मुलांना खेळायला द्यायची. मला ते पटलं नाही. ओघळ तिच्या रुंदीसह मोकळी ठेवायला लावली आणि खुली जागा मध्यभागी, आंब्याच्या झाडाला धरून घेतली. त्यात रस्त्याकडेचे दोन चांगले प्लॉट बदलले. वहिनी माझ्या बाजूनं ठाम राहिली. तिचं म्हणणं साधं होतं : दुपारी बायांना लेकरं घेऊन बसायला सावली कुठे आहे, ते आधी बघा.

बाकीचं काम चिकाटीचं. झोन दाखला, नगर रचना विभागाचा अभिप्राय, तात्पुरती मंजुरी, जागेवर आखणी, पुन्हा मोजणी. मग खडीकरण, दोन्ही अंगांना गटारं, विजेचे खांब आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. प्लॉट आठांहून जास्त आणि जमीन 500 चौरस मीटरहून मोठी, म्हणून रेरा नोंदणी झाल्याशिवाय कोणाकडून बुकिंगचा रुपया घेता येत नव्हता. घेणाऱ्यांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. दादाला ते सुरुवातीला जाचक वाटलं. पण घेणाऱ्यांत त्याचाच एक मित्र निघाला आणि मग त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

मधल्या काळात, 2025 च्या जुलैमध्ये, तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत झाली आणि एजंट पुन्हा दारात. ‘ताई, आता गुंठा चालतो.’ ती घोषणा आधीच पडलेल्या तुकड्यांना वाट देण्यासाठी होती, त्यात नवे तुकडे पाडायचा परवाना नव्हता. हे मी त्याला समजावून सांगितलं, चहा दिला. आमचं खडीकरण तोवर झालं होतं.

आता कमी-जास्त पत्रक होऊन प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघाला आहे. घेणाऱ्यांत शिक्षक आहेत, एक एसटीचे वाहक आहेत, गावातलीच दोन कुटुंबं आहेत. यांतले काही शेतकरी नाहीत, त्यांना शेतजमीन घेताच आली नसती. प्लॉटमागे दर आम्हाला एजंटनं सांगितलेल्यापेक्षा चांगला मिळाला. एकूण बेरीज तरीही थोडी कमीच भरते आणि दादाला ती माहीत आहे. ठिबक झालं, ट्रॅक्टर मोकळा झाला.

पाण्याची लाइन अजून बाकी आहे. ग्रामपंचायतीच्या टाकीचा दाब इतक्या घरांना पुरणार नाही, म्हणून ओघळीच्या वरच्या अंगाला स्वतंत्र टाकी घ्यावी असं दादाचं मत आहे. तिचा खर्च आम्ही तिघांनी आपापल्या वाट्यातून निम्मा उचलायचा आणि निम्मा प्लॉटधारकांकडे मागायचा, असं बोलणं चाललं आहे. येत्या रविवारी सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं आहे.